अडलेला दसरा आणि कोतवाल बुक : घराण्याचा माग कसा काढावा

माझ्या माहेरी माझ्या जन्माआधी कित्येक वर्षं दसरा करत नसत. सगळं गाव शिलंगणाला जायचं, आपट्याची पानं वाटत फिरायचं, आणि आमच्या घरी रोजची भाजी-भाकरी. दाराला तोरण नाही, पानात गोड नाही. विचारलं की आजी म्हणायची, "आपला सण अडला होता." कशानं अडला हे तिलाही सासूकडून ऐकलेलं, तेही अर्धंमुर्धं : "मानमोडीत घरातला तरणा माणूस गेला, ऐन दसऱ्याला."

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मुंबई इलाख्यात तिचा कहर झाला तो त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि शके १८४० चा दसरा येतो ऑक्टोबरच्या मध्यावर. एवढ्या धाग्यावर मी तालुक्याला गेले आणि गावच्या मृत्यूनोंदींचं १९१८ चं पुस्तक पाहायला मागितलं. तिसऱ्या खेपेला ते हाती आलं. मोडीतल्या एका ओळीत पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव होतं, वय बावीस, कारण 'ताप'. घरात कुणाला ज्याचं नावही ठाऊक नव्हतं, तो माणूस न केलेल्या सणामुळे सापडला.

तेव्हापासून मी सणाला दप्तरच मानते. कचेरीतला कागद आणि घरातली रीत शेजारी ठेवली की एकातली चूक दुसरं दुरुस्त करतं. हा शोध कसा घ्यायचा ते मी केलं त्या क्रमानं सांगते.

आधी घर, मग कचेरी

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र पान द्या. वर नाव, खाली जे कळेल ते, आणि प्रत्येक ओळीपुढे 'कुणी सांगितलं, केव्हा' हे लिहाच. वर्षभरानं दोन माहित्या जुळेनाशा झाल्या की कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं हे त्या टिपणावरूनच ठरतं.

म्हाताऱ्या माणसांना "तुमच्या आजोबांच्या वडिलांचं नाव काय?" असं विचारलं की ती गांगरतात. त्याऐवजी प्रसंग विचारा. तुमच्या लग्नात मामा कुठून आला होता? पहिला दिवाळसण कुठे झाला? भाऊबीजेला कोण कोण यायचं? गौरी आणायला कुणाचा मान होता? नावं आपोआप बाहेर पडतात, गावासकट. माझ्या आत्याला स्वतःच्या आजीचं माहेर आठवत नव्हतं, पण "पंचमीला तिला न्यायला बैलगाडी यायची ती नदीपलीकडून" हे पक्कं आठवत होतं. नदीपलीकडे चारच गावं होती.

पितृपक्ष : सगळ्यात भरवशाचं पान

श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांचा वसु-रुद्र-आदित्य रूपानं गोत्रासकट उच्चार होतो. त्यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचाही. जमिनीच्या कागदावर ज्या बायकांचा मागमूस नसतो, त्यांची नावं इथे टिकलेली असतात. महालयात तर चुलते, मामा, आत्या, मावशी, आजोळचे आजोबा अशी लांबलचक यादी वाचली जाते. अनेक घरांत ती यादी वडिलांच्या पोथीत घडी घालून ठेवलेली सापडते. नसेल तर घरच्या गुरुजींना विचारा, त्यांच्या वहीत असू शकते. ज्या घरांत विधी न करता नुसता म्हाळ घालतात, तिथे निदान तिथी तरी पाळलेली असते, आणि खरी माहिती तिथीतच आहे.

पक्षातली नवमी म्हणजे अविधवा नवमी. पणजीचं पान नवमीला वाढत असतील तर ती नवऱ्याआधी, सवाष्ण गेली. म्हणजे पणजोबांच्या मृत्यूच्या आधीची वर्षं चाळायची. शिवाय त्यांनी दुसरं लग्न केलं का, हाही प्रश्न तिथेच उभा राहतो. चतुर्दशीला कुणाचं पान असेल तर तो मृत्यू शस्त्रानं किंवा अपघातानं झालेला, कारण तो दिवस त्यांच्यासाठी राखलेला. फक्त सर्वपित्रीला घालत असतील तर बहुधा तिथी माहीत नाही. माणूस परगावी गेला, परतला नाही, असंही असू शकतं. अश्विन शुद्ध प्रतिपदेला मुलीचा मुलगा आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. ते घरात चालत आलं असेल तर आजोळचं एक नाव तुमच्या हाती आयतं येतं.

अडलेल्या सणाची दुसरी बाजूही पाहा. रीत अशी, की त्याच सणाला घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली की सण सुटतो. आमचा दसरा सुटला १९४१ साली, एका चुलत काकांच्या जन्मानं. शाळेच्या दाखल्यावर मात्र त्यांची जन्मतारीख १ जून. जुन्या मास्तरांनी तारीख ठाऊक नसलेल्या किती मुलांना १ जून लावून टाकली असेल याला गणती नाही. त्या वर्षीचा दसरा सप्टेंबरअखेरीस येतो. इथे मी कागद बाजूला ठेवून सणावर विश्वास ठेवला, आणि पुढे जन्माची नोंदही सप्टेंबरचीच मिळाली.

देव कुठले, गौरी कशाच्या

रीतीवरून घराणं मूळ कुठलं याचा अंदाज येतो. पुण्यात चार पिढ्या राहिलेल्या घरात पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी असतील तर कोकणाकडे पाहायला हरकत नाही. गौरींना महालक्ष्म्या म्हणून त्यांची पूर्ण मांडणी करत असतील तर मराठवाडा-विदर्भाचा विचार करा. पण हा नुसता अंदाज. लग्न होऊन आलेली सून आपल्या माहेरची रीत सासरी रुजवते, हे मी दोन-तीन घरांत पाहिलंय. म्हणून 'ही रीत कुणी सुरू केली' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुलदैवताचं तसं नाही, ते सहसा बदलत नाही. कोकणातल्या अनेक चित्पावन घरांची कुलदेवी अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. घर कोकणात आणि देवी मराठवाड्यात, हे अंतरच विचार करायला लावतं. गोव्याकडच्या सारस्वतांना तर देवाचा प्रवास म्हणजे आपल्याच घराचा प्रवास. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून फोंडा भागात हलवल्या गेल्या. तुमचं दैवत आज जिथे आहे तिथे थांबू नका, ते आधी कुठे होतं ते शोधा. देवळाचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेचे मानकरी, असाल तर महाजनांच्या यादीत घराण्याची नोंद असते.

देवघरातले टाक नीट पाहा. खंडोबा, भवानी यांच्याबरोबर एखादा हाती शस्त्र घेतलेला 'वीर' असेल तर तो घरातलाच पूर्वज असतो. नाशिकला धुळवडीला असे वीर वाजतगाजत मिरवतात. आमच्या शेजारच्या घरात वीराचा टाक झिजून गुळगुळीत झालाय, चेहराही दिसत नाही. पण म्हातारी त्याला 'थोरले बाबा' म्हणते. कितव्या पिढीचे थोरले, हा प्रश्न त्या घरानं अजून सोडवायचाय.

माळा, ट्रंक, भांडी

दिवाळीच्या साफसफाईत भांडी घासताना त्यांच्या कडा वाचा. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोकून नावं घालायची पद्धत होती, कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं. आमच्या एका घंगाळावर आजीच्या आईचं माहेरचं नाव आणि गाव आहे. तिचं माहेरचं नाव जगात दुसऱ्या कुठल्याही कागदावर मला मिळालेलं नाही. लग्नात बाईचं आडनावच नव्हे, नावही बदलायचं. त्यामुळे अशी एक ओळ सोन्याच्या तोलाची. भांडं मोडीत घालण्याआधी फोटो घ्या. खोल न उमटलेल्या अक्षरांवर पीठ चोळलं की ती पांढरी उठून दिसतात.

दुसरी वस्तू म्हणजे आहेराची वही. लग्नातला प्रत्येक आहेर तिच्यात नाव, गाव आणि रकमेसकट लिहिलेला असतो, कारण तो फेडायचा असतो. नाती पुसली जातात, पण फेडायचे आहेर कुणी विसरत नाही. लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, मनिऑर्डरच्या पावत्या, जन्मपत्रिका हे सगळं एका पेटीत गोळा करा. पत्रिकेतला शक आणि तिथी म्हणजे बहुतेक वेळा घरातला सगळ्यात जुना नेमका जन्मदिनांक.

तिथीची तारीख करताना

शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन असतो आणि आकडे अरबी शब्दांत : इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. सुहूर साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. पानिपतची लढाई या सालातली, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, १४ जानेवारी १७६१. एवढं एक उदाहरण पाठ केलं की पुढचं गणित त्यावर तपासता येतं. मराठवाड्यातल्या निजामी कागदांवर फसली सन दिसेल, त्यात सुमारे ५९० मिळवा.

मूळ तिथी कधीही खोडू नका. तारीख शेजारी लिहा, पेन्सिलीनं.

कचेरीत काय मागायचं

पहिली पायरी शाळा. गावच्या जुन्या शाळेतल्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, पालक, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा अशी माहिती असते. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या. जन्मतारखेचं वर सांगितलंच आहे, पण नाव, जात आणि गाव यांना हे रजिस्टर खूप विश्वासू.

मग जन्म-मृत्यूच्या नोंदी. यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, कागदोपत्री तो गाव नमुना १४. जुनी पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. 'आमच्या घराण्याच्या नोंदी द्या' असा अर्ज टाकाल तर हात हलवत परत याल. गावाचं नाव, नमुना, आणि दोन-तीन वर्षांचाच कालावधी लिहा. आधी पाहणी मागा, नोंद दिसली की नक्कल. गाव तेव्हा कुठल्या तालुक्यात होतं हे आधी शोधा. सांगली, औंध, फलटण, भोर अशा संस्थानांतली गावं असतील तर दप्तराचा पत्ताच वेगळा असू शकतो. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, हेही विसरू नका.

२०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना अशी कितीतरी दप्तरं बाहेर निघाली, आणि अनेक जिल्ह्यांनी त्यांच्या प्रती संकेतस्थळांवर टाकल्या. तुमचा शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी तिथे आधी पाहून घ्या.

जमिनीचे कागद हे खरं आगर. आजच्या सातबारावरून सुरुवात करा. नावाजवळ वर्तुळात फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक असतात. तो क्रमांक घेऊन फेरफार नोंदवहीतली नोंद काढायची, तिच्यात आधीचा क्रमांक सापडतो, तो काढायचा, असं पायरी पायरीनं मागे जायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे पुष्कळ गावांत शंभरेक वर्षं मागे जाता येतं. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे तिथली जमिनीची जुनी नोंद, मागा. काही जिल्ह्यांचे जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार आता ऑनलाइनही मिळतात.

सगळ्यात मोलाचा फेरफार वारसाचा. 'अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस पुढीलप्रमाणे' अशी सुरुवात होते आणि एका परिच्छेदात सगळं घर उभं राहतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत लेकीही दिसू लागतात, सासरच्या नावागावासकट. हरवलेल्या आत्या मला इथेच भेटल्या. वारसांची वेगळी नोंदवही असते, गाव नमुना ६-क, तीही मागा.

या कागदांची भाषा थोडी शिकून जा. 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. बिन पश्चिम महाराष्ट्रात, वल्द विदर्भ-मराठवाड्यात जास्त. 'कोम' किंवा 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान आहे, म्हणजे बाप तरुणपणी गेला. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. खात्यावर एकच नाव दिसलं तरी त्यामागे भाऊ असणार. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनावच नसतं. आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे 'गणू बिन विठू' आणि 'विठू बिन गणू' पिढीआड येत राहतात. गट नंबर आणि वय जुळल्याशिवाय माणूस पक्का मानू नका. मी एकदा एक आख्खी पिढी गिळली होती.

१९५० च्या आधीच्या बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. पैसे देऊन वाचून घेता येतात, पण मी म्हणेन शिकाच. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे वर्ग असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत, म्हणून पहिले दोन महिने जीव रडकुंडीला येतो. पण आपल्या माणसाचं नाव आपल्या डोळ्यांनी वाचण्यासारखं दुसरं काही नाही. सुरुवातीला फक्त आपलं आडनाव, गाव आणि घरातली पाच-सहा नावं मोडीत गिरवा. पानावर नजर फिरवताना तीच आधी ओळखू येतात.

उपाध्यांची वही, हेळव्यांची वाणी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. आडनावाबरोबर मूळ गाव सांगा. आज राहता ते शहर सांगून उपयोग नाही, कारण उपाध्ये गावागावांत वाटलेले असतात. वहीत आलेल्या माणसाचं नाव, बरोबर कोण होतं, कशासाठी आले, आणि बऱ्याचदा त्याच्याच हाताची ओळ असते. सिंहस्थ आणि पितृपक्षाच्या गर्दीत जाऊ नका, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. साध्या दिवशी जा, दक्षिणा मनापासून द्या, फोटो विचारून घ्या. हरिद्वारच्या आणि इतर काही ठिकाणच्या वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या संकेतस्थळावरही आहेत.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव या पट्ट्यात हेळवी येतात, सुगीनंतर, सजवलेल्या बैलासह. दारात उभं राहून ते घराण्याची वंशावळ म्हणतात आणि वहीत नव्या जन्मांची भर घालतात. ते आले की कामं सोडून बसा आणि आवाज ध्वनिमुद्रित करा. कुठल्या गावाहून निघाले, कुठे स्थिरावले, कुणाचा वंश खुंटला, हे त्यांच्याइतकं कुणी सांगत नाही. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी गावाकडच्या भावकीला आधीच सांगून ठेवावं, हेळवी आले की फोन करा म्हणून.

घराण्याकडे इनाम, वतन किंवा पाटिलकी-कुलकर्णीपण असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागाराकडे वळा. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशननं हक्क तपासले, तेव्हा घराण्यांनी कैफियती दिल्या आणि त्यांच्याबरोबर वंशावळी. रुमालांत बांधलेले ते कागद पाहायला परगणा, गाव आणि वतनाचा प्रकार सांगावा लागतो. मॉरिशसला गेलेल्या मराठी घरांचा धागा मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या स्थलांतरितांच्या नोंदवह्यांत मिळतो. तिथल्या घरांत गणपती आजही बसतो.

भावकीशी बोलताना

तुम्ही जुने फेरफार काढताय हे गावात कळलं की पहिली शंका येणार, 'वाटा मागायला आलाय.' माझ्या बाबतीत एका चुलत्यांनी दार लावून घेतलं होतं. मी पुढच्या जत्रेला गेले, त्यांच्याच घरी नैवेद्याच्या पोळ्या लाटल्या, आणि काढलेल्या कागदांच्या प्रती त्यांच्यासमोर ठेवल्या. जमिनीचे आकडे मी त्या प्रतींवर झाकून टाकले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी आतून जुनी ट्रंक बाहेर काढली.

दुसरं लग्न, दत्तक, घर सोडून गेलेली माणसं, असं काही निघतंच. हयात माणसाला दुखवणारी गोष्ट वहीत लिहून ठेवा, पण चार घरांत वाचू नका.

आणि पुढच्या वेळी त्र्यंबकला किंवा पंढरीला गेलात की उपाध्यांच्या वहीत स्वतःची नोंद करा. नुसती सही करून उठू नका. आईचं, आजीचं, बायकोचं नाव माहेरच्या नावागावासकट लिहा, लेकींची नावं लिहा, सध्याचं गाव लिहा, आणि शक-तिथीबरोबर इंग्रजी तारीखही घाला. अक्षर सुटं काढा. मी लिहिलं तेव्हा उपाध्यांनी जागा कमी पडते म्हणून शेजारचं कोरं पान उलटून दिलं. त्याच वहीत आठ पानं मागे माझ्या पणजोबांची मोडी सही आहे, शेवटचं अक्षर शाईत पसरलेली.